नियोडिमियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या परिसरात चुंबक विकायला बसलं की माल कमी जातो आणि प्रश्न जास्त येतात. प्रोजेक्टवाली इंजिनीअरिंगची मुलं, स्पीकर दुरुस्त करणारे, बॅगांना बटणं लावणारे, भंगारवाले, नातवासाठी खेळणं घेणारे आजोबा, सगळेच काही ना काही विचारून जातात. तेच ते प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरही येत राहतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. नियोडिमियम म्हणजे चुंबक की धातू?

धातू. अणुक्रमांक ६०, रंग चंदेरी, वितळतो साधारण १०२० अंश सेल्सिअसला. शुद्ध नियोडिमियमचा तुकडा हवेत ठेवला तर काही वेळातच काळवंडतो आणि पुढे त्याचे पोपडे निघतात. त्यामुळे तो तेलात किंवा आर्गॉन वायूत ठेवावा लागतो. खोलीच्या तापमानाला हा शुद्ध धातू फ्रिजच्या दारालाही चिकटून राहणार नाही. आम्ही ज्याला ‘नियोडिमियम मॅग्नेट’ म्हणतो ते लोखंड, नियोडिमियम आणि बोरॉन यांचं संयुग असतं: लोखंडाचे चौदा अणू, नियोडिमियमचे दोन, बोरॉनचा एक. वजनात पाहिलं तर त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असतं. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो भावात घासाघीस करायला लागतो. त्यासाठी प्र. ३ वाचा.

२. याचा शोध कोणी लावला?

ऑस्ट्रियाच्या कार्ल ऑअर फॉन वेल्सबाख यांनी, १८८५ साली व्हिएन्नात. पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते. स्वीडनमधल्या बास्टनेसच्या खाणीत एक जड दगड मिळत असे. १८०३ मध्ये त्यातून सीरियम सापडलं. कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी त्याच दगडाचा पिच्छा पुरवून १८३९ मध्ये लँथॅनम आणि १८४१ मध्ये ‘डिडिमियम’ वेगळं काढलं. हे डिडिमियम चाळीसेक वर्षं मूलद्रव्य म्हणून पुस्तकांत सुखाने नांदत होतं. वर्णपट तपासणाऱ्यांना त्यात काहीतरी भेसळ असल्याची शंका येत होती, पण ती सिद्ध कशी करायची? ऑअर यांनी त्याचे क्षार पाण्यात विरघळवले, स्फटिक होऊ दिले, ते गाळले, पुन्हा विरघळवले, आणि हे चक्र चिकाटीने चालू ठेवलं. शेवटी दोन ढीग तयार झाले. एकाचे क्षार हिरवे होते, ते प्रेसिओडिमियम. दुसऱ्याचे जांभळट गुलाबी, ते नियोडिमियम. बऱ्यापैकी शुद्ध धातू हाती यायला मात्र १९२५ उजाडलं.

ऑअर यांचं आपल्याशी आणखी एक नातं आहे. गॅसबत्तीची पांढरीशुभ्र उजेड देणारी जाळी, म्हणजे मॅन्टल, त्यांनीच शोधली. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या बत्त्यांमध्ये हीच जाळी असे. तिच्यात ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सीरियम ऑक्साइड. थोरियमसाठी मोनाझाइट नावाची वाळू लागे आणि १९०९ मध्ये ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असल्याचं शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं, तेही काथ्याला चिकटून आलेल्या वाळूवरून. तिथून ही वाळू परदेशात जाऊ लागली. तिच्यात नियोडिमियमही होतं, पण त्या काळी त्याला कोणी विचारत नव्हतं.

३. सोन्यासारखा दुर्मिळ आहे का? मग एवढा महाग का?

सोन्याशी तुलनाच नको. पृथ्वीच्या कवचात नियोडिमियम शिशापेक्षा आणि कथलापेक्षा जास्त आहे, जवळपास तांब्याच्या पंक्तीला बसेल इतकं. अडचण अशी की ते एका जागी साठून सापडत नाही आणि जिथे सापडतं तिथे सोबत चौदा-पंधरा भावंडं असतात, या सगळ्या कुटुंबाला ‘रेअर अर्थ’ म्हणतात. त्या सगळ्यांचं रासायनिक वागणं इतकं सारखं की एकाला उचलायला गेलं की शेजारचा हात धरून येतो. पैसे लागतात ते ही भावंडं वेगळी करायला. खाणीतून माती काढणं त्या मानाने स्वस्त. चुंबकाच्या भावातही कच्च्या धातूबरोबर भट्टी, दळण, घासाई आणि निकेलचा मुलामा यांचा खर्च असतो. म्हणून ‘सत्तर टक्के लोखंडच ना?’ हा युक्तिवाद चालत नाही.

४. जुहूच्या किंवा कोकणातल्या काळ्या वाळूत नियोडिमियम मिळेल का?

प्रश्न चांगला आहे आणि दर सुट्टीनंतर कोणीतरी बाटलीभर वाळू घेऊन येतंच. उत्तर: व्यवहारात नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून कोरड्या वाळूवरून फिरवा. काळे कण मिशांसारखे उभे राहून चिकटतील. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून नद्यांबरोबर आलेलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर याच्या जोडीला इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज, चांगल्या प्रमाणात आहे. पण मोनाझाइट येतं ते ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकांतून, आपल्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून, नाही. म्हणून केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मनवलाकुरिची आणि ओडिशातलं छत्रपूर ही नावं ऐकू येतात. गुहागर, श्रीवर्धन ऐकू येत नाहीत. मोनाझाइटचे कण काळे नसतात, पिवळट तपकिरी असतात आणि साध्या चुंबकाला उडी मारून चिकटत नाहीत.

आणि समजा केरळातून येताना पिशवीभर आणली, तरी विकायच्या भानगडीत पडू नका. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, त्यामुळे ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं. परवान्याशिवाय त्याचा व्यवहार करता येत नाही.

५. वाळूपासून चुंबकापर्यंतचा प्रवास कसा होतो?

लांबचा आहे, बसून वाचा.

किनाऱ्यावरच्या वाळूतून जड खनिजं आधी पाण्याच्या जोरावर वेगळी केली जातात. मग चुंबक आणि उच्च दाबाची वीज वापरून इल्मेनाइट, झिरकॉन, गार्नेट, मोनाझाइट यांची फाळणी होते. मोनाझाइट हे फॉस्फेट. ते बारीक दळून कडक कॉस्टिक सोड्यात शिजवतात. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेटच्या रूपात बाजूला होतं, ते साबण-डिटर्जंटवाल्यांना विकता येतं. उरलेल्या गाळातून थोरियम वेगळं काढून सुरक्षित साठवतात. भारतीय मोनाझाइटमध्ये आठ ते दहा टक्के थोरियम ऑक्साइड असतं, म्हणून ही पायरी सांभाळून करावी लागते. चीन आणि अमेरिकेतल्या मोठ्या खाणींत बास्टनेसाइट हे खनिज मुख्य आहे. त्यात थोरियम बरंच कमी, त्यामुळे त्यांचं काम तेवढं सोपं.

हाती उरतं ते सगळ्या भावंडांचं मिश्रण. त्यात नियोडिमियम जेमतेम पाचवा हिस्सा. ऑअर यांची स्फटिकांची पद्धत इथे परवडणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एम्स इथे फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने आयन-विनिमयाची पद्धत बसवली. आज कारखान्यात चालतं ते द्रावक निष्कर्षण. एका बाजूने धातूंचं आम्लातलं पाणी, दुसऱ्या बाजूने केरोसीनसारख्या द्रवात मिसळलेलं सेंद्रिय फॉस्फरस आम्ल. दोन्ही घुसळायचे, स्थिरावू द्यायचे, थर वेगळे करायचे. एका टाकीत होणारी फारकत नगण्य. म्हणून अशा शेकडो टाक्या ओळीने लावतात आणि द्रव उलटसुलट दिशेने वाहता ठेवतात. ओळ सुरू केल्यावर ती समतोलाला यायलाच आठवडे जातात. मध्ये वीज गेली किंवा आम्लाचं प्रमाण चुकलं की मेहनत पाण्यात. या धंद्याची खरी चावी या टाक्यांच्या ओळीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिळालेलं ऑक्साइड वितळलेल्या फ्लोराइड क्षारात टाकून १०५० अंशांच्या आसपास विद्युत अपघटन करतात, तळाशी धातू जमतो. मग लोखंड आणि बोरॉनबरोबर मिश्रधातू ओततात. त्याला हायड्रोजन पाजला की तो आपोआप तडकून भुगा होतो. तो भुगा वायूच्या झोतात तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत दळतात. चुंबकीय क्षेत्रात दाबून सगळे कण एका दिशेला वळवतात आणि हजार अंशांच्या वर भाजून घट्ट करतात. ही भुकटी हवा लागताच पेट घेऊ शकते, म्हणून सगळं ऑक्सिजनपासून लांब. शेवटी हिऱ्याच्या चाकावर कापणं, निकेल-तांबं-निकेल असा मुलामा आणि मोठ्या गुंडाळीतून विजेचा एक झटका. तोपर्यंत तो फक्त चकचकीत तुकडा असतो, झटक्यानंतर चुंबक.

६. आपल्याकडे एवढा साठा आहे म्हणतात, मग दुकानातला प्रत्येक चुंबक चिनी का?

साठा आहे, हे खरं. सरकारी आकड्यांनुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात ७२ लाख टनांच्या आसपास रेअर अर्थ ऑक्साइड. काम करणारी सरकारी कंपनी तर मुंबईतच, प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळ: आयआरईएल, म्हणजे पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स. १९५० साली ती स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळात आलुवाला कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये तुर्भ्याला, ट्रॉम्बेत, थोरियमचा. म्हणजे आपण उशिरा जागे झालो असं नाही. चीनच्या किती तरी आधी आपण या धंद्यात होतो. पण आपलं लक्ष थोरियमवर, अणुऊर्जेवर होतं. रेअर अर्थ हा जोडधंदा राहिला. ऑक्साइड बनवायचं आणि विकायचं, इथवर मजल. धातू, मिश्रधातू, चुंबक या पुढच्या पायऱ्या आपण मोठ्या प्रमाणावर बांधल्याच नाहीत. चीनने नेमक्या त्याच बांधल्या, आणि आज जगातलं शुद्धीकरण व चुंबकनिर्मिती नव्वद टक्क्यांच्या आसपास त्यांच्या हातात आहे.

त्याची किंमत २०१० मध्ये, चीनने रेअर अर्थची निर्यात अडवली तेव्हा, जपानने मोजली आणि २०२५ मध्ये आपण. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-परवाना लावला. गंमत म्हणजे त्या यादीत नियोडिमियम नव्हतंच. पण गाडीच्या मोटरमधल्या चुंबकात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळलेलं असतं (का, ते प्र. १० मध्ये) आणि ते दोन्ही यादीत होते. आपले वाहन कारखाने अडले ते त्यामुळे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उद्दिष्ट आहे वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्याचं. विशाखापट्टणमला आयआरईएलचा एक चुंबक कारखाना आधीपासून आहे, पण तो समेरियम-कोबाल्टचा, प्रामुख्याने अणुऊर्जा, अवकाश आणि संरक्षणाच्या गरजेचा. बाजारात विचारत येऊ नका.

७. हा चुंबक आला कुठून? आधी काय वापरायचे?

आधी समेरियम-कोबाल्ट होता. १९७८ मध्ये झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गडबडीने कोबाल्टचे भाव भडकले आणि लोखंडावर चालेल असा चुंबक शोधण्याची घाई झाली. जपानमध्ये मासातो सागावा यांच्या डोक्यात लोखंडाच्या अणूंमध्ये बोरॉनसारखा लहान अणू घुसवून अंतर वाढवायची कल्पना होती. फुजित्सू सोडून ते सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि भाजलेला चुंबक तयार केला. त्याच वेळी अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट वितळलेला धातू फिरत्या चाकावर झटकन थंड करून त्याच संयुगापर्यंत पोहोचले. दोघांनी १९८३ च्या नोव्हेंबरात एकाच परिषदेत आपापलं काम मांडलं. आज आम्ही विकतो ते बहुतेक सागावांच्या पद्धतीचे. २०२२ चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार सागावांना मिळाला.

८. माझ्या घरात हे चुंबक कुठे कुठे आहेत?

मोबाइलचा स्पीकर, त्याची थरथरणारी मोटर, कॅमेऱ्याचा फोकस, इअरफोन, जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर. टॉवरमधल्या नव्या गिअरलेस लिफ्टमध्ये मोठे. गणपतीत मंडपात टांगलेले हलके स्पीकर पाहिलेत? ते हलके असतात याचं एक कारण नियोडिमियम. जुने जाडजूड डबे फेराइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या स्वस्त चुंबकाचे.

कुठे नाहीत हे सांगणं जास्त उपयोगी. फ्रिजच्या दाराच्या रबरात फेराइट असतं. मिक्सरच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक नसतोच. वीज वाचवणाऱ्या बीएलडीसी पंख्यांत पुष्कळदा फेराइटच असतं, जाहिरात काहीही म्हणो. आणि लोकल? पश्चिम आणि मध्य रेल्वेवर धावणाऱ्या सीमेन्स आणि बॉम्बार्डियर गाड्यांत तीन फेजच्या इंडक्शन मोटरी आहेत. त्यांना चुंबक लागत नाही. विरार फास्ट एक ग्रॅमही नियोडिमियम न वापरता तेवढी माणसं ओढते, यावर आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांचा विश्वास बसत नाही.

९. चुंबक सोडून याचा काही उपयोग?

आहे, आणि झवेरी बाजारात पाहायला मिळेल. दागिन्याच्या बारीक जोडणीला जे लेसर यंत्र वापरतात, ते बहुधा यॅग, म्हणजे यट्रियम-अॅल्युमिनियमच्या, स्फटिकात थोडं नियोडिमियम मिसळून केलेलं असतं. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये तयार झाला. त्याचा किरण १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा. तीच तरंगलांबी दुसऱ्या स्फटिकातून अर्धी केली की किरण ५३२ चा हिरवा होतो, बाजारातले हिरवे पॉइंटर बरेचसे असेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही काळाने भिंगामागचं पातळ आवरण धूसर झालं की डॉक्टर ‘यॅग करून घ्या’ म्हणतात, तोही हाच. सोन्यावर खूण कोरणारी नवी यंत्रं मात्र सहसा फायबर लेसरची, त्यात यटर्बियम.

काचेत मिसळलं की काच दिवसाउजेडी जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटखाली निळसर. काच फुंकणारे कारागीर नियोडिमियम-प्रेसिओडिमियमचे चष्मे घालतात, कारण ज्वाळेतला सोडियमचा पिवळा झगमगाट ते गिळून टाकतात.

१०. एन३५, एन५२, एसएच ही काय भानगड? कोणता घेऊ?

आकडा ताकदीचा, शेवटचं अक्षर उष्णतेचं. आकडा मोठा तितका त्याच आकाराचा चुंबक जोरकस. अक्षर नसेल तर ८० अंशांपर्यंत ठीक, एम १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. उष्णता सोसण्यासाठी डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात, त्याने भाव वाढतो आणि ताकद किंचित कमी होते.

बॅगेच्या बटणाला, कपाटाच्या दाराला, शाळेच्या प्रोजेक्टला एन३५ पुरे. सगळ्यांना एन५२ हवा असतो, कारण आकडा मोठा. मोटर बनवणार असाल तर मात्र आकडा विसरा आणि अक्षर बघा. बंद डब्यातली मोटर ८० अंश सहज ओलांडते.

११. चुंबकाला भोक पाडलं आणि तो मेला. का?

ड्रिलने तो तापला. ठरलेल्या तापमानापुढे गेला की ताकद उतरते, आणि ३१० अंशांच्या आसपास पूर्ण जाते. थंड झाल्यावर परत येत नाही, पुन्हा झटका द्यावा लागतो. शिवाय हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ. भुसा पेट घेतो. आणि मुलामा फुटला की मुंबईच्या दमट हवेत, त्यातही समुद्राजवळ, एका पावसाळ्यात पांढरट-तपकिरी भुकटी होते. भोकवाला चुंबक तयार मिळतो, तो घ्या. सोल्डरिंगही थेट चुंबकावर नको.

१२. दोन मोठे चुंबक एकमेकांना चिकटलेत, सुटत नाहीत.

ओढू नका, सरकवा. लाकडी टेबलाच्या काठावर एक धरून दुसरा खाली दाबत बाजूला ढकला. लगेच मध्ये जाड लाकूड किंवा थर्माकोल घाला. हातोडी, पक्कड नको. निसटून परत आपटले तर कपचे डोळ्यात जातात.

१३. जुन्या हार्ड डिस्कमधून चुंबक काढून विकले तर पैसे मिळतील?

थोडेच. झाकणाचे बारीक टॉर्क्स स्क्रू काढले की कोपऱ्यात दोन कमानी दिसतात, जाड पोलादी पट्टीला चिकटवलेल्या. त्यात मिळून दहा-पंधरा ग्रॅम चुंबक, म्हणजे तीन-चार ग्रॅम नियोडिमियम. एसएसडीत, म्हणजे नव्या चिपवाल्या डिस्कमध्ये, काहीच नाही. पट्टीवरून काढताना निम्मे फुटतात. कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारात अॅल्युमिनियमचं खोकं, सर्किट बोर्ड यांनाच भाव. चुंबक पोलादासकट लोखंडाच्या ढिगात जातो, तिथून भट्टीत, आणि नियोडिमियम मळीबरोबर संपतं.

यात भंगारवाल्याचा दोष नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत उत्पादकांना ज्या धातूंच्या पुनर्प्राप्तीची प्रमाणपत्रं लागतात, ते चारच: सोनं, तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम. ज्याला कागदावर किंमत नाही, ते कोण वेचणार? सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना आली आहे.

१४. मोबाइल, बँकेचं कार्ड, मेट्रोचं कार्ड खराब होईल का?

कार्डावरची काळी पट्टी पुसली जाऊ शकते. चिप आणि टेकवायचं कार्ड यांना काही होत नाही. मोबाइलचं होकायंत्र चुकतं, चुंबक दूर केला की सहसा ठीक होतं. चावीच्या घड्याळापासून मात्र लांब.

१५. लहान मुलाने चुंबक गिळला तर?

वाट पाहू नका, केळं खाऊ घालू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि ‘चुंबक’ हा शब्द सांगा. एकापेक्षा जास्त असतील तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटली जाऊन भोक पडतं. सुरुवातीला मूल अगदी खेळतंही.

नाक न टोचता घालायच्या चुंबकाच्या नथींबद्दलही हेच. त्यातला आतला मणी श्वासाबरोबर वर जातो. दोन मणी दोन नाकपुड्यांत गेले तर मधला पडदा दाबून मरतो. लहान मुलींना त्या घालू नका, हे मी विकणारा असून सांगतो.

घरात कोणाला पेसमेकर असेल तर चुंबक त्यापासून किमान सहा इंच दूर. हल्लीच्या काही मोबाइलच्या पाठीत चुंबकांची कडी असते, तो शर्टाच्या डाव्या खिशात नको.

१६. चुंबकाच्या पट्ट्याने गुडघेदुखी जाते का?

नाही. चाचण्यांत असा परिणाम दिसलेला नाही.

१७. मोठा चुंबक ठेवला की विजेचं मीटर हळू चालतं म्हणतात.

दर उन्हाळ्यात हा फोन येतो. आजची इलेक्ट्रॉनिक मीटरं चुंबकाचा संशय आला की तारीख-वेळेसह नोंद करून ठेवतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ही वीजचोरी आहे, दंड, कैद किंवा दोन्ही. या कामासाठी माल आमच्याकडे मिळत नाही.

१८. गावी किंवा परदेशात कुरिअरने पाठवता येईल?

रस्त्याने पाठवायला सहसा अडचण नाही. विमानाने जाणार असेल तर पॅकेटपासून २.१ मीटरवर क्षेत्र किती भरतं ते पाहतात, कारण विमानाच्या होकायंत्राला त्रास होतो. उपाय जुनाच: चुंबक उलटसुलट जोड्यांनी रचा, म्हणजे क्षेत्र आतल्या आत फिरतं. भोवती पत्र्याचा डबा आणि मग थर्माकोल. कागदावर ‘चुंबक’ असं लिहून द्या. ‘हार्डवेअर’ लिहून पाठवलेलं पार्सल सहारच्या कार्गोत अडकलं की सोडवायला जाणाऱ्याचा दिवस जातो.